वाळूवरची घरे

मत्तयच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायाच्या अखेरीस प्रभू येशूने सांगितलेला दोन घरांचा दाखला आपणां सर्वांना परिचित आहे. शहाण्याने खडकावर घर बांधले, ते टिकले. मूर्खाने वाळूवर बांधले, ते कोसळले. मिस्सामध्ये हा उतारा वाचला जात असताना समुद्राकाठच्या एखाद्या धर्मग्रामात मागच्या बाकांवर बसलेली माणसे काय विचार करीत असतील, असा प्रश्न आम्हांस बरीच वर्षे पडत आला आहे. कारण त्यांची घरे खरोखरच वाळूवर आहेत, आणि ती माणसे मूर्ख मात्र नाहीत.

वसईच्या किनाऱ्यावर अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत जी वस्ती पसरली आहे ती वाळूवर आली याचे कारण कोळ्याचे शेत समुद्रात आहे. होडी जेथे ओढून ठेवायची, जाळे जेथे पसरायचे, बोंबील जेथे सुकवायचे, तेथेच घर हवे. शेतकऱ्याने शेताच्या बांधावर खोपटे घालावे तसे ते आहे. शिवाय ही वाळू आजच्यासारखी नव्हती. घराच्या आणि भरतीच्या रेषेच्या मध्ये पुळणीचा रुंद पट्टा होता, सुरूची झाडे होती. उधाणाच्या दिवसांत पाणी पुढे येई आणि भांगाच्या दिवसांत मागे जाई. येणाऱ्या लाटेचा जोर त्या रुंद पुळणीवर जिरून जाई. आमच्या वाडवडिलांनी खडक सोडून वाळू निवडली नव्हती; त्यांच्या काळी ती वाळूच खडकासारखी भरवशाची होती. दाखल्यातील मूर्खाला आपण कोठे घर बांधतो आहोत हे ठाऊक होते. आमच्या पायाखालची वाळू मात्र नंतर काढून घेण्यात आली.

ती कोणी काढून घेतली, या प्रश्नापाशी हा विषय नीतीचा होतो. समुद्र चढत आहे हे खरेच. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. आपल्या देशाच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भागाची झीज होत असल्याचे केंद्र सरकारच्याच संस्थेने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांवरून दाखवून दिले आहे. परंतु सगळा दोष समुद्रावर घालून भागत नाही. पुळण ही नदीने आणून दिलेली ठेव असते. वैतरणा अर्नाळ्यापाशी समुद्राला मिळते. त्याच वैतरणेवर मोडकसागर १९५७ मध्ये झाले, त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा आणि अलीकडे मध्य वैतरणा. ही धरणे मुंबईच्या नळाला पाणी देतात. ते पाणी आम्हीही मुंबईत नोकरीला जाऊन पितो, त्यामुळे धरणे नकोत असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु धरणाच्या भिंतीमागे पाण्याबरोबर गाळ आणि वाळूही अडते. जी खाडीपर्यंत पोचते तिच्यावर ड्रेजर आणि सक्शन पंप लागतात, आणि ती ट्रकांत भरून इमारतींच्या कामावर जाते. किनाऱ्याचे उत्पन्न असे दोन्हीकडून तोडले, आणि खर्च मात्र लाटांच्या हाती पूर्वीसारखाच राहिला, तर खाते रिकामे होणारच.

म्हणून किनाऱ्यावरील गावाने शासनाकडे धूपप्रतिबंधक बंधारा मागितला, तर ती भीक नव्हे. ज्याचे नकळत घेतले गेले तो परत मागत आहे. सातवी आज्ञा आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. चोरी करू नको, एवढ्यावर ती थांबत नाही. घेतले ते परत कर, हेही तिच्यात येते. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय हा जकातदारांचा प्रमुख होता, म्हणजे आजच्या भाषेत सरकारी व्यवस्थेतलाच माणूस. उंबराच्या झाडावरून उतरून त्याने प्रभूला काय सांगितले हे आठवावे. कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करीन, असे तो म्हणाला. त्याने दानधर्माची गोष्ट वेगळी सांगितली आणि परतफेडीची वेगळी. हा फरक आपल्या राज्यकर्त्यांना आणि आपल्यालाही नेहमी कळतोच असे नाही.

किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटर आत वाड्यांमध्ये राहणाऱ्या आमच्या शेतकरी कुटुंबांची तक्रार वेगळी असते. त्यांना बंधारा नको, बस हवी आहे. पहाटे भाजीच्या आणि फुलांच्या टोपल्या घेऊन स्टेशनला जाणाऱ्या बायका, कॉलेजात जाणारी मुले, इस्पितळात जाणारी म्हातारी माणसे यांचे जीवन एका वेळापत्रकावर टांगलेले असते. विरारपासून मुंबईपर्यंत आगगाडी १८६७ मध्येच धावू लागली. घरापासून त्या गाडीपर्यंतचे अंतर मात्र अजून नीट ओलांडले गेलेले नाही. एसटीची पहिली गाडी १९४८ मध्ये पुणे-नगर मार्गावर धावली, आणि पुढे त्या लाल गाडीने आमच्या वाड्यांनाही जगाशी जोडले. २००९ मध्ये महानगरपालिका आली, २०१२ मध्ये तिची परिवहन सेवा आली, आणि मग एसटीने शहरी मार्गांवरून अंग काढून घेण्यास सुरुवात केली. त्यावरून झालेला वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, हे वाचकांना आठवत असेल. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये खाडीत असलेल्या पाणजू बेटावरच्या लोकांचे तर याहून कठीण. बोट चुकली की रेल्वेच्या पुलाकडे पाहायचे, आणि रेल्वेचा पूल माणसांनी चालण्यासाठी बांधलेला नसतो.

बस आणि बंधारा यांचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते संबंध आहे. दोन्ही गोष्टी अशा आहेत की, एकट्या माणसाने कितीही काटकसर केली, कितीही कष्ट केले, तरी त्या त्याला विकत घेता येत नाहीत. घराचे छप्पर आपण शिवू शकतो. समुद्र शिवता येत नाही. रिक्षा एखाद्या दिवशी करता येते. रोज दोन वेळा केली तर भाजीच्या टोपलीतला नफा रिक्षातच राहतो. जेथे एका कुटुंबाची ताकद संपते तेथून समाजाचे कर्तव्य सुरू होते. पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात हे तत्त्व स्पष्ट केले: जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्याने त्याच्या हातून काढून घेऊ नये. आपल्याकडे हे तत्त्व बहुधा सरकारने ढवळाढवळ करू नये एवढ्यापुरतेच सांगितले जाते. त्याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे: लहानाला जे झेपत नाही तेथे मोठ्याने मागे राहू नये. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लौदातो सी’ या परिपत्रकात समुद्राची चढती पातळी आणि किनाऱ्यावरील लोकवस्ती यांचा उल्लेख आहे, आणि पुढे त्याच पत्रात सार्वजनिक वाहनांतील गर्दीत माणसाची होणारी अप्रतिष्ठाही आहे. रोममध्ये बसलेल्या माणसाला हे दोन्ही एका पत्रात लिहावेसे वाटले, याचे आम्हांस फार अप्रूप वाटते.

आता शासन म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न राहतो. दिसतो तितका तो सोपा नाही, आणि ज्याला जबाबदारी टाळायची आहे त्याला या प्रश्नाइतकी सोयीची दुसरी जागा नाही. आपल्या संविधानाच्या राज्यसूचीत पाणी, जलनिःसारण आणि बंधारे राज्याकडे दिले आहेत. किनाऱ्यावर काय बांधावे आणि काय बांधू नये याचे नियम मात्र १९९१ पासून केंद्र सरकारच्या अधिसूचनांनी ठरतात. खारभूमीचे बांध एका खात्याकडे, बंदरे दुसऱ्याकडे, सुरूची बने तिसऱ्याकडे. वाहतुकीची गंमत तर त्याहून मोठी आहे. १९९२ मध्ये संमत झालेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने संविधानाला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा १८ बाबी आहेत. त्यांत रस्ते आहेत, पूल आहेत, वाहनतळ आहेत, बसथांबेही आहेत. बस मात्र नाही! महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यात वाहतूक सेवा चालवणे हे ऐच्छिक कर्तव्यांत मोडते, अनिवार्य कर्तव्यांत नाही. ‘ऐच्छिक कर्तव्य’ या शब्दप्रयोगाचा अर्थ आम्ही पुष्कळ दिवस लावत आहोत. आईने मुलाला जेवू घालणे अनिवार्य आणि शाळेत पोचवणे ऐच्छिक, असे काहीसे ते असावे. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत तरी खाडी ओलांडण्याच्या बोटी आहेत. म्हणजे गाव शहर झाले की बोट यादीतून गळते!

विनोद बाजूला ठेवू. कर्तव्य अनेकांमध्ये वाटले गेले म्हणजे ते कोणाचेच राहत नाही, हा सार्वजनिक जीवनातील जुना अनुभव आहे. येरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर जो माणूस लुटारूंच्या हाती सापडला, त्याच्या बाजूने याजक गेला, लेवी गेला. त्या दोघांनाही, हे माझ्या खात्यात येत नाही, असेच वाटले असेल.

जुन्या काळी ही जबाबदारी कोणाची होती? कोकणात खाडीकाठच्या भातशेतीचे मातीचे बांध गावेच राखीत असत. भगदाड पडले की घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे, असा दंडक असे. मग घरात लग्न असो की मयत. गोव्यात खाझन जमिनींचे बांध आणि त्यांच्या दारांची देखभाल गावकारीकडे होती. १९४८ मध्ये मुंबई सरकारने खारभूमीसाठी कायदा केला, १९७९ मध्ये महाराष्ट्राने नवा केला, आणि बांधांची मोठी जबाबदारी शासनाकडे गेली. ती जाणे आवश्यक होते, कारण जमीनदार अनेक ठिकाणी बांध राखीत नव्हते आणि कुळांचे नुकसान होत होते. परंतु ती गेली तशी गावाची सवयही गेली. आता भगदाड पडले की आपण प्रथम छायाचित्र काढतो, मग अर्ज लिहितो. आम्हीही तेच करतो, हे येथे कबूल केले पाहिजे. कोळंबीच्या तळ्यांसाठी खारे पाणी आत यावे म्हणून गोव्यात काही ठिकाणी मुद्दाम बांध फोडले गेले. फोडणारे बाहेरचे नव्हते.

आमच्याकडेही बाहेरचे फार नव्हते. १९८८ नंतर वसईची हिरवी जमीन बांधकामाला खुली झाली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईचा आवाज उठवला. त्या आंदोलनात आमच्या धर्मग्रामांतील हजारो माणसे चालली. आणि त्याच धर्मग्रामांतील काही माणसांनी नंतर बावखले बुजवली, भाताच्या जमिनी विकल्या, किनाऱ्यालगत विश्रामगृहे बांधली, वाळूच्या ट्रकांकडे पाठ फिरवली. जुलै २०१८ मध्ये तालुका पाण्याखाली गेला आणि गाड्या बंद पडल्या, तेव्हा आपण प्रशासनाला दोष दिला, आणि तो रास्तही होता. परंतु पाण्याच्या वाटेत कुंपणाची भिंत घातली ती कोणी, हा प्रश्न पापकबुलीच्या खुर्चीत विचारण्याजोगा आहे. दाराशी दोन मोटारी उभ्या करून बस तोट्यात का जाते असे विचारणारेही आपल्यांत आहेत.

तोट्याचा मुद्दा येथे थोडा तपासू. लांबच्या वाडीवरची गाडी अर्धी रिकामी जाते, म्हणून ती बंद करावी, असे हिशेबनीस सांगतो. त्याचे आकडे खोटे नसतात. परंतु त्या वाडीवरच्या रस्त्याला तोटा झाला असे कोणी म्हणत नाही, दिव्याच्या खांबाला तोटा झाला असे म्हणत नाही. बस मात्र तिकीट घेते, म्हणून तिच्या गळ्यात जमाखर्चाची पाटी अडकवता येते. त्याच तालुक्यातून बुलेट ट्रेनचा मार्ग जातो, विरारला तिचे स्थानक ठरले आहे. वर डहाणूजवळ वाढवणला ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. एवढी कामे करण्याची ऐपत ज्या शासनाला आहे त्याला पहाटे साडेचारची एक बस परवडत नाही, हे आम्हांस पटत नाही. अर्थात सगळेच अंधारलेले आहे असेही नाही. वसई-भाईंदर रो-रो सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, आणि मोटारींसह माणसे खाडी ओलांडू लागली. करावेसे वाटले तर करता येते, एवढे तरी त्यावरून दिसते.

बंधाऱ्याचा प्रश्न मात्र बसपेक्षा अवघड आहे, आणि येथे आमचे मन आजही पुरते स्थिर नाही. एका गावाला बस मिळाली म्हणून शेजारच्या गावाची बस जात नाही. बंधाऱ्याचे तसे नसते. दगडांची भिंत उभी केली की लाट तिच्यावर आपटून मागे फिरते आणि पायथ्याची वाळू घेऊन जाते. काही वर्षांत भिंतीपुढची पुळण खाली बसते, होड्या ओढायला जागा उरत नाही. आणि भिंत जेथे संपते तेथे लाट वळते व शेजारच्या उघड्या किनाऱ्याला अधिक खाते. समुद्रात आडवे घातलेले बांध एका बाजूला वाळू अडवतात आणि दुसरी बाजू उपाशी ठेवतात. म्हणजे ज्या गावाचा आमदार बलवान त्याला भिंत, आणि त्याच्या शेजाऱ्याच्या अंगणात समुद्र. आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, ही आज्ञा दगड टाकणाऱ्या कंत्राटदाराच्या निविदेत कोणी लिहीत नाही. पण ती अर्जावर सह्या करणाऱ्या आपल्याला तरी लागू आहे की नाही?

याचा अर्थ बंधारा मागूच नये असा नव्हे. घर पडायला आलेल्या माणसाला किनाऱ्याच्या शास्त्राचे व्याख्यान ऐकवणे हा क्रूरपणा आहे. अर्थ इतकाच की, हे काम गावोगावच्या अर्जांनी आणि निवडणुकीच्या आधी पडणाऱ्या दगडांनी होणारे नाही. वैतरणेच्या मुखापासून वसईच्या खाडीपर्यंतचा किनारा एक आहे. त्याचा विचार एकत्रच करावा लागेल. कोठे दगड, कोठे सुरू आणि तिवरे, कोठे बाहेरून वाळू आणून टाकायची, आणि कोठे माणसांना सन्मानाने मागे हलवायचे, हे ठरवणे गावाच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि नेमके म्हणूनच ते शासनाचे कर्तव्य आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धूप रोखण्याकरिता १,५०० कोटी आणि धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाकरिता १,००० कोटी रुपये सुचवले, ते संपूर्ण देशातील नद्या आणि किनारे मिळून. देशाच्या मानाने ही रक्कम थोडी आहे. पण समुद्र हळूहळू घर खातो तेव्हाही ती आपत्तीच असते, हे त्यात मान्य झाले. वादळात घर एका रात्रीत पडले तर पंचनामा होतो. तेच घर वीस वर्षांत पडले तर तो घरमालकाचा नशिबाचा भाग समजण्याची आपली रीत होती.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले, तेव्हा आमच्या धर्मग्रामांनी आपापल्या परीने पत्रे, ताडपत्र्या आणि धान्य जमवले. युवकांनी रात्री जागून पडलेली झाडे तोडली. हे ख्रिस्ती प्रेमाचे कृत्य होते आणि त्याचा अभिमान वाटावा. परंतु जे न्यायाने देणे आहे त्याची जागा दानाने भरून काढता येत नाही, हेही अकराव्या पायसांनीच सांगून ठेवले आहे. दर पावसाळ्यात तीच ताडपत्री त्याच घरावर टाकणे हे आपले प्रेम असले, तरी त्यात दुसऱ्या कोणाची तरी थकबाकी लपते.

काही काळापूर्वी किनाऱ्यावरील एका धर्मग्रामात अशाच अर्जासाठी बैठक झाली, तीस आम्ही हजर होतो. मसुद्यात ‘आमच्या गावासाठी त्वरित बंधारा मिळावा’ असे वाक्य होते. शेजारच्या गावातून या घरात आलेल्या एका सुनेने विचारले, “आणि मग माझ्या माहेरचं काय?” सभागृहात बराच वेळ कोणी बोलले नाही. अखेर ‘आमच्या गावासाठी’ हे शब्द खोडून सगळ्या किनाऱ्याची पाहणी व्हावी, दोन्ही गावांची एकत्र, असे लिहायचे ठरले. खाली पहाटेच्या बसची मागणीही घातली, कारण पाहणीला बोलावले तर तालुक्याला जायचे कशाने, असे कोणीतरी म्हणाले आणि लोक हसले.

तेव्हा मागच्या रांगेतून एक वृद्ध काका उठले. ते म्हणाले, “फादर, पाहणी होऊ दे. माझं घर पाण्यापासून आठ पावलांवर आहे. पाहणी होईस्तोवर मी कुठं राहू?” यावर कोणाजवळच उत्तर नव्हते. शेवटी दुसरा कोरा कागद घेतला आणि त्यावर ज्या घरांना पुढच्या पावसाळ्यापूर्वी हलवावे लागेल त्यांची नावे घातली. अकरा नावे झाली. ज्यांच्या आवारात या कुटुंबांना तूर्त जागा देता येईल अशा आतल्या वाडीतल्या घरांची नावे त्याच्या समोर लिहावीत, असे फादरांनी सुचवले. त्या रकान्यात त्या संध्याकाळी चार नावे आली. बाकीच्या सात ओळी रिकाम्या ठेवून कागद पुढच्या रविवारच्या मिस्सानंतर दारात मांडायचा, असे ठरून बैठक उठली.